कड्याच्या पोटातले संग्रहालय

1 मे 1981 रोजी आपला जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी युनेस्कोने कॅनडातला एक उघडाबोडका कडा जागतिक वारशाच्या यादीत घातला. अजिंठा आणि वेरूळ त्या यादीत आले ते 1983 साली, म्हणजे त्या कड्यानंतर दोन वर्षांनी. त्या कड्यावर चित्र नाही, शिल्प नाही, शिलालेख नाही. खाली मातीत हाडे आहेत, बायसनची, आणि त्यांचा थर काही ठिकाणी दहा-बारा मीटर जाडीचा आहे.

जिल्ह्याचे स्वतःचे संग्रहालय असावे असे बोलणे आपल्या मंडळात निघाले, तेव्हा या स्मरणिकेसाठी बाहेरच्या एखाद्या संस्थेचा इतिहास लिहून द्यावा असे संपादकांनी सुचवले. पुण्यामुंबईची संग्रहालये आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या दालनांचे वर्णन पुन्हा वाचून कोणाच्या पदरी काही पडायचे नाही. म्हणून मी हे दूरचे केंद्र निवडले. पारध हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय होता अशी माणसे आपल्या जिल्ह्यातही राहतात. आपण आजवर लिहिलेल्या जिल्ह्याच्या इतिहासात त्यांना पान मिळालेले नाही. तिकडे तशाच माणसांच्या शिकारीवर एक अख्खी संस्था उभी आहे, आणि ती कशी उभी राहिली हे आपल्या कामाचे आहे.

जागा आल्बर्टा प्रांताच्या नैर्ऋत्येला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, पॉर्क्युपाइन हिल्स नावाच्या टेकड्यांच्या कडेला. जवळचे गाव फोर्ट मॅक्लाउड. तिथून वायव्येला अठरा किलोमीटर. कॅलगरीहून मोटारीने दक्षिणेला दोन तास. कॅलगरीला मुलाबाळांकडे गेलेले आपल्याकडचे लोक बहुधा बॅन्फचे डोंगर आणि सरोवरे पाहून परततात. इकडे वळणारे थोडे, कारण वाटेत डोळ्यांत भरावे असे काही नाही. गवत आहे आणि वारा आहे. वारा मात्र असा की गाडीचे दार उघडताना दोन्ही हात लावावे लागतात.

केंद्राचे इंग्रजी नाव 'हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप'. तिथल्या मूळ रहिवासी ब्लॅकफूट लोकांच्या भाषेतले 'एस्तिपा-स्किकिकिनी-कोट्स'. कथा अशी सांगतात की, जनावरे कोसळताना कशी दिसतात ते पाहण्याच्या हौसेने एक पोरगा कड्याखालच्या कपारीत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी शिकार भरपूर झाली, धडांचा ढीग वाढत गेला आणि लोक मांस सोडवायला आले तेव्हा तो डोके चेचून मरून पडलेला सापडला. म्हणजे डोके फुटले ते माणसाचे. जनावरांचे असे समजून येणारे पाहुणे पुष्कळ असतात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. राधानगरी-दाजीपूरच्या गव्याला आपल्याकडे सर्रास बायसन म्हणतात. अमेरिकेचा बायसन निराळा. खांद्यावर मोठा उंचवटा, मानेवर दाट केस, थंडीत बर्फ डोक्याने उकरून गवत खाणारा. मोठा नर नऊशे किलोपर्यंत भरतो. असे जनावर पायी चालणाऱ्या, घोडा न पाहिलेल्या, लोखंड न वापरणाऱ्या माणसांनी कळपच्या कळप कसे मारले असतील, हा प्रश्न या संस्थेच्या मुळाशी आहे.

याचे उत्तर कड्यावर शोधायला गेले तर अर्धेच सापडते. उरलेले कड्यामागे, पश्चिमेला आहे. तिथे सुमारे चाळीस चौरस किलोमीटरचा एक सखल खोलगट प्रदेश आहे. पाणी आहे, आणि शरद ऋतूतही टिकणारे गवत आहे, म्हणून कळप तिथे जमत. त्या प्रदेशातून कड्याकडे येणाऱ्या वाटांवर दगडांच्या लहान लहान राशी रचलेल्या आहेत. एकेक रास फार तर गुडघ्याएवढी, पण राशी हजारोंनी आणि त्यांच्या ओळी कित्येक किलोमीटर लांब. सुरुवातीला दोन ओळींमधले अंतर खूप; कड्याकडे येताना त्या जवळजवळ येत जातात. राशींत झाडाच्या डहाळ्या खोवत. वाऱ्याने डहाळी हलली की जनावराला तिथे काहीतरी उभे आहे असे वाटावे, एवढाच त्यांचा उपयोग. दगडाच्या राशीने बायसन अडत नसतो. त्याला त्या बाजूला जावेसे वाटू नये, एवढी व्यवस्था पुरे होती.

मग काम तरुण पोरांचे. कळपाचे ध्यान घेत, वाऱ्याचा रोख सांभाळत ती काही दिवस मागे राहत. बायसनची नजर बेताची असते, पण नाक तिखट. एखादा पोरगा वासराचे कातडे पांघरून कळपाच्या पुढे, चुकलेल्या वासरासारखा हंबरत चाले. दुसरे लांडग्याची आणि कोयोटीची कातडी घेऊन मागच्या बाजूला रेंगाळत. लांडग्यापासून दूर आणि वासराच्या दिशेने, असा कळप स्वतःच्या समजुतीने सरकत राही. इथे धावपळ अजिबात चालायची नाही. कळप बिथरला, वारा फिरला, एखादी म्हातारी गाय संशयाने थांबली, की चार दिवसांची मेहनत वाया. शेवटच्या टप्प्यात मात्र राशींमागे दडलेली माणसे एकदम उठत, कातडी झटकत, आरोळ्या ठोकत आणि कळप उधळे. कडा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पुढच्या जनावरांना दिसतो, पण मागून रेटा असतो.

खाली भाले, बाण आणि सोटे घेऊन माणसे तयार असत. पडलेले एकही जनावर जिवंत जाऊ देत नसत. सुटलेले जनावर दुसऱ्या कळपांना सावध करील अशी समजूत होती. आदिवासी म्हणजे निसर्गाचा कणन् कण जपणारा ऋषी, असे चित्र आपल्याकडेही शहरी लेखनात रंगवतात. हे केंद्र तसे करत नाही. एका वेळी खपेल त्याहून जास्त जनावरे कड्याखाली पडत असावीत, हे तिथे झाकून ठेवलेले नाही.

कड्याखालच्या सपाटीवर पुढचे काम चाले आणि ते मुख्यतः बायांचे. कातडी सोलणे, मांसाचे पातळ पट्टे कापून वाळत घालणे, हाडे फोडणे. जमिनीत खड्डा करून त्याला कातड्याचे अस्तर लावत, पाणी भरत आणि आगीत तापवलेले दगड एकामागून एक त्यात टाकत. पाणी उकळले की फोडलेल्या हाडांतली चरबी वर येई. सरपणाला झाडे फारशी नाहीत, म्हणून बायसनच्याच वाळलेल्या रानशेण्या. वाळवलेले मांस कुटून त्यात ही चरबी आणि रानातली बोरासारखी फळे मिसळली की 'पेमिकन' तयार. ही हिवाळ्याची शिदोरी. नीट बांधून ठेवली तर वर्षानुवर्षे टिके. उत्खनन करणारे सांगतात की सपाटीवर फुटलेल्या, तडकलेल्या दगडांचे प्रमाण प्रचंड आहे. म्हणजे शिकारीचा प्रसंग काही घटकांचा. त्यानंतरचे राबणे कितीतरी दिवसांचे. शिकारीच्या गोष्टी सांगणारे पुरुष असतात, म्हणून हा भाग जगात सगळीकडे मागे राहतो.

आपल्याकडच्या फासेपारध्यांची हरणाची पारध ज्यांनी जुन्या लेखनात वाचली असेल त्यांना या साऱ्यात ओळखीचे काही दिसेल. लांब दोरीला तातीचे फास बांधून ती गवतात खुंट्यांनी रोवायची आणि काळविटांचा कळप बेताने त्या बाजूला वळवायचा. तिथेही अडवणूक नाही, वळवणूक आहे. जनावर काय पाहते, कशाला बुजते आणि कुठल्या बाजूला पाऊल टाकते, याच्या जाणकारीवर सगळा खेळ.

कड्याचा वापर साधारण पावणेसहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाला, असे तिथल्या थरांवरून दिसते. तो सलग चालला नाही. मध्ये मोठे खंड आहेत. फेकभाल्यांच्या टोकांनंतर बाणांची टोके असे थर चढत गेलेले आहेत. अठराव्या शतकात ब्लॅकफूट लोकांकडे घोडे आले, पाठोपाठ बंदुका आल्या. घोड्यावरून पाठलाग शक्य झाल्यावर कड्याची गरज ओसरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो सुटला.

पुढचा इतिहास भराभर आटपण्यासारखा नाही, पण सुखाचाही नाही. उत्तर अमेरिकेत बायसन किती होते याचे अंदाज तीन कोटींपासून सहा कोटींपर्यंत जातात. 1870 नंतर त्यांच्या कातड्यांना कारखान्यांकडून मागणी आली; यंत्रांच्या पट्ट्यांना ते चामडे चांगले. 1879 च्या सुमारास कॅनडाच्या मैदानांत कळप दिसेनासे झाले. 1880 चे दशक सरताना संपूर्ण खंडात हजारभर जनावरे उरली. मैदानांत विखुरलेली हाडेसुद्धा गाड्या भरभरून गेली, खतासाठी आणि साखर शुद्ध करायला लागणाऱ्या कोळशासाठी. 1877 च्या सप्टेंबरात सरकारशी केलेल्या सातव्या तहावर सह्या झाल्या आणि ब्लॅकफूट संघातले सिक्सिका, काइनाई आणि पिइकानी हे तिन्ही समाज राखीव जमिनींवर गेले. दोन वर्षांत अन्नच नाहीसे झाले. सरकारी शिध्यावर जगणे आले. 1885 नंतर राखीव जमिनीबाहेर जायला सरकारी अधिकाऱ्याचा परवाना मागू लागले. मुले निवासी शाळांत नेली गेली आणि तिथे त्यांच्या तोंडची भाषा मोडली.

आपल्याकडे 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. ज्यांची नावे त्या नोंदवहीत चढली त्यांना हजेरी द्यावी लागे आणि ठरलेली हद्द सोडायची तर पास घ्यावा लागे. राज्य एकाच राणीचे होते. हिंदुस्थानात एक आणि कॅनडात दुसरा, असे दोन कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांनी लिहिले, पण फिरत्या माणसाला एका जागी खिळवून ठेवण्याची खटपट दोन्हीकडे सारखीच. आपल्याकडचा कायदा 1952 साली रद्द झाला. नोंदवहीतून नाव गेले म्हणून फौजदाराच्या डोक्यातून ते गेले असे नाही, हे पारध्यांच्या वस्तीवर जाऊन आलेल्या कोणालाही सांगायला नको.

तर कडा. तिथे पहिले शास्त्रीय खोदकाम 1938 साली झाले, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या जुनियस बर्ड यांनी केलेले. 1949 मध्ये बॉइड वेटलॉफर यांनी पुन्हा खोदले. या दोघांच्या मध्ये आणि नंतर, हौशी लोकांनी. त्या भागात बाणाची टोके गोळा करण्याचा छंद फार. सुट्टीच्या दिवशी फावडे घेऊन यायचे, खड्डा करायचा, मिळेल ते खिशात घालून जायचे. कोणत्या थरात काय होते ते असे कायमचे गेले. भोकरदनला 1973 साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन होऊन सातवाहनकाळातले भोगवर्धन उजेडात आले. जुन्या पांढरीच्या टेकाडाची माती शेतात टाकायला नेण्याची आपल्याकडची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अशा खोदकामाआधी किती माती गेलेली असते याची कल्पना येईल. छंदाने नेले काय आणि खतासाठी नेले काय.

कड्यावरचे पद्धतशीर मोठे काम ब्रायन रीव्हज यांचे. 1965 पासून 1972 पर्यंत, मध्ये थांबत थांबत, त्यांनी थरांचा कालक्रम लावला. त्यामुळेच 1968 मध्ये कॅनडाने या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले, 1979 मध्ये प्रांताने संरक्षण दिले आणि 1981 मध्ये युनेस्कोचा ठराव झाला. 1983 पासून आल्बर्टा सरकारच्या पुरातत्त्व विभागातले जॅक ब्रिंक यांनी कड्याऐवजी खालच्या सपाटीवर, म्हणजे मांस आणि चरबीच्या कामाच्या जागी लक्ष घातले. हाडांचे थर उकरून टोके मोजण्यापेक्षा हे खोदकाम किचकट आणि कमी चमकदार. पण त्यामुळे ही गोष्ट चार शूर शिकाऱ्यांची न राहता सबंध वस्तीची झाली. ब्रिंक यांनी 2008 साली या साऱ्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. संग्रहालय उभारू पाहणाऱ्या माणसाने ते वाचावे असे आहे, कारण त्यात शास्त्राइतकेच समित्यांचे आणि चुकलेल्या अंदाजांचेही वर्णन आहे.

युनेस्कोचा ठराव झाला तेव्हा कड्यापाशी पाहुण्यांसाठी म्हणावे असे काही नव्हते. वारसा जगाचा, आणि उभे राहायला सावली नाही. प्रांत सरकारने केंद्र बांधायचे ठरवले. कॅलगरीचे वास्तुविशारद रॉबर्ट लब्लाँ यांनी जो आराखडा केला तो आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या ठेकेदाराला दाखवावा असा आहे. सात मजल्यांची इमारत त्यांनी कड्याच्या पोटात घातली. बहुतेक भाग जमिनीत गेला. बाहेर दिसतो तो पायऱ्यांसारखा उतरत येणारा थोडा भाग, आणि त्याच्या काँक्रीटचा रंग व पोत शेजारच्या वालुकाश्माशी जुळवलेला. दुरून इमारत आहे हे कळतच नाही. प्रवेशद्वारावर कमान नाही. कोनशिलेवर कोणाची नावे किती मोठ्या अक्षरांत असावीत, यावरून इमारतीचा दर्शनी भाग ठरवणाऱ्या आपल्या पद्धतीत हे बसणे कठीण. लब्लाँ यांच्या या कामाला पुढे गव्हर्नर जनरल यांचे वास्तुकलेचे पदक मिळाले. केंद्राचे उद्घाटन 23 जुलै 1987 रोजी तेव्हाचे यॉर्कचे ड्यूक राजपुत्र अँड्र्यू आणि त्यांच्या पत्नी यांच्या हस्ते झाले. ज्यांच्या पणजीच्या आजीच्या नावाने तह झाला, त्याच घराण्यातला माणूस फीत कापायला आला, यावर ब्लॅकफूट म्हाताऱ्यांच्या मनात काय आले असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

या म्हाताऱ्यांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण संस्थेच्या इतिहासातला कळीचा भाग तोच आहे. सरकारचा पैसा होता, शास्त्रज्ञांचे खोदकाम होते, वास्तुविशारदाचा आराखडा होता. एवढ्यावर नेहमीसारखे एक संग्रहालय झाले असते. काचेच्या पेटीत टोके, पेटीवर काळ आणि दगडाचा प्रकार. पण कड्याभोवती पिइकानी आणि काइनाई लोक राहत होते, आणि शिकारीचे विधी, गाणी, जागांची नावे त्यांच्या वडीलधाऱ्यांकडे होती. त्यांच्यापैकी पिइकानींचे जो क्रोशू सीनियर हे या केंद्राच्या उभारणीत सुरुवातीपासून होते. समाजाच्या विधींचे जाणकार म्हणून त्यांचा शब्द मोठा. कोणती गोष्ट पाहुण्यांना सांगायची आणि कोणती सांगायची नाही, कोणती वस्तू मांडायची आणि कोणती मांडणे चुकीचे, हे ठरवायला त्यांच्यासारखी माणसे लागली. पुढे त्यांना आणि त्यांच्या पत्नी जोसेफिन यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा नागरी सन्मान मिळाला.

दुसरा निर्णय नोकऱ्यांचा. पाहुण्यांना माहिती देणारे मार्गदर्शक ब्लॅकफूट असावेत असे ठरले, आणि ते आजही पाळले जाते. ऐकायला साधी गोष्ट आहे. पण पाठ केलेली माहिती सांगणारा मार्गदर्शक आणि 'माझी आजी सांगायची' असे म्हणून सुरुवात करणारा मार्गदर्शक, या दोघांसमोर पाहुणे वेगळे वागतात. दुसऱ्यासमोर ते हळू आवाजात प्रश्न विचारतात आणि मूर्खपणाचे प्रश्न कमी विचारतात.

आत गेल्यावर आधी लिफ्टने थेट वर नेतात. वरून बाहेर पडून कड्याच्या काठाने थोडे चालायचे, मैदान पाहायचे, आणि मग आत येऊन एकेक मजला उतरत जायचे. वरचा मजला नापीच्या जगाचा. नापी म्हणजे ब्लॅकफूट कथांतला म्हातारा, जग घडवणारा आणि त्याच जगात वेड्यासारख्या खोड्या करून फसणारा. त्यानंतर माणसे, मग शिकार, मग गोऱ्यांशी आलेला संबंध आणि सगळ्यात खाली उत्खनन. ही मांडणी मला फार आवडली. आपल्या संग्रहालयांत पुरातत्त्व पहिले आणि लोककथा शेवटच्या कोपऱ्यात असते. इथे आधी समाजाने स्वतःची गोष्ट सांगितली आहे. शास्त्रज्ञांची पाळी तळमजल्याजवळ. कड्याच्या प्रतिकृतीवर तीन बायसन पेंढा भरून उभे केले आहेत, अगदी काठावर. फोटो सगळे त्यांचेच काढतात. माझे पाऊल थबकले ते इनिस्किमपाशी. दुष्काळात एका बाईला सापडलेला आणि तिला कळप बोलावण्याचे गाणे शिकवणारा हा दगड. पुष्कळदा तो जुन्या शिंपल्याच्या जीवाश्माचा तुकडा असतो, आणि त्याचा आकार बसलेल्या बायसनसारखा दिसतो. शाळिग्राम देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

उन्हाळ्यात पटांगणात ढोल आणि नाच असतो. पर्यटकांसाठी असतो हे खरे, आणि तेवढ्याने तो खोटा ठरत नाही.

इथवर सगळे गोडच लिहिले असे होऊ नये. केंद्र सरकारी आहे, मालकी प्रांताची. आपल्याच पूर्वजांच्या जागेवर आपण नोकर, ही बोच तिथल्या समाजात असणे स्वाभाविक आहे. पुढच्या काळात जे घडले ते या बोचेशिवाय कळत नाही. 2000 साली आल्बर्टात कायदा झाला आणि कॅलगरीच्या ग्लेनबो संग्रहालयाने अडीचशेच्या वर पवित्र वस्तू ब्लॅकफूट समाजांना परत केल्या. 2007 मध्ये सिक्सिका लोकांनी सातवा तह झाला त्याच ठिकाणी, ब्लॅकफूट क्रॉसिंगला, स्वतःचे ऐतिहासिक उद्यान आणि संग्रहालय उघडले. ते तेच चालवतात. त्यांचा पुढारी क्रोफूट याची वस्त्रे आणि वस्तू इंग्लंडमध्ये एक्झिटरच्या संग्रहालयात शंभरावर वर्षे होत्या. त्या 2022 साली घरी आल्या. 2019 मध्ये आल्बर्टाच्या दक्षिण टोकाची चित्रलिपीची जागा युनेस्कोच्या यादीत गेली ती आइसिनाइपी या ब्लॅकफूट नावासह. खुद्द बायसनच्या बाबतीत, 2014 मध्ये अनेक मूलनिवासी राष्ट्रांनी आपसांत बायसन परत आणण्याचा करार केला आणि 2017 मध्ये बॅन्फच्या उद्यानात सोळा जनावरे आणली गेली. 1987 ची इमारत या सगळ्याचे कारण नव्हती. पण तिथे मार्गदर्शक म्हणून उभे राहून आपली गोष्ट स्वतः सांगायची सवय लागलेली एक पिढी तयार झाली होती, एवढे नक्की म्हणता येईल.

आता आपल्याकडे. संकल्पित संग्रहालयात ठेवण्याच्या वस्तूंची जी कच्ची यादी मंडळात फिरली ती मी पाहिली. भोकरदनची मृण्मये आणि मणी, 23 सप्टेंबर 1803 च्या असईच्या लढाईचे अवशेष, जांबच्या समर्थांच्या परंपरेतल्या पोथ्या, निजामकाळची नाणी, मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांची छायाचित्रे. यादी चांगली आहे. तिच्यात एकही फास नाही. तितर पकडायची वागूर नाही, काळवीट ज्या गवताळ रानांत होते त्या रानांचा नकाशा नाही. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत पारधी या नोंदीखाली फासेपारधी, लंगोली पारधी, चिता पारधी, टाकणकार अशी नावे ओळीने आहेत. त्यातले चिता पारधी एके काळी शिकवलेले चित्ते बाळगत. भारतातला चित्ता 1952 साली नामशेष जाहीर झाला आणि ती विद्या जनावराबरोबरच गेली. टाकणकार जात्याला टाकी लावत गावोगाव फिरत. हा सगळा आपल्या जिल्ह्याचाही इतिहास आहे.

वस्तू मिळवण्यात अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. रानात काळवीट उरले आहे ते त्या कायद्यामुळे. पण त्या दिवसापासून घरात फास सापडणे हाच संशयाचा पुरावा झाला. एखाद्या म्हाताऱ्याकडे आजोबांच्या हातची दोरी असली तरी तो ती आपल्याला दाखवायला का आणील? आल्बर्टात वडीलधारी मंडळी बोलू लागली, ती आधी समितीत त्यांना जागा मिळाल्यावर. आपल्या संग्रहालय समितीत तेरा नावे आहेत, सगळी सुशिक्षित, बरीचशी निवृत्त, त्यात माझेही. पारध्याचे एकही नाही.

अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांबरोबर तणमोर आणि गवताळ राने राखण्याचे काम करते. पक्षी कुठे घरटे करतो हे ज्याला सगळ्यांत आधी कळते, त्यालाच राखणदार करायचे, असा तो विचार आहे. त्यांच्याकडे एकदा जाऊन यावे असे मी सुचवले आहे आणि ते मान्य झाले आहे. गवताळ रानाच्या नकाशाचे कामही एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने अंगावर घ्यायचे कबूल केले आहे. इमारतीचा खर्च, जागा, वर्गणी यांवर पुढच्या बैठकीत बोलणे होईलच. त्याआधी समितीत दोन नावे वाढवावीत, आणि ती नावे सुचवण्याचे काम पारधी वस्त्यांतल्या लोकांवरच सोपवावे, असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. बोलणी करायला पालावर जाऊ तेव्हा सोबत पोलीस पाटलांना घेऊ नये, असेही मागच्या बैठकीत म्हटले होते. ते इतिवृत्तात आलेले नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.